दार उघडं असतं की बंद?

जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून त्या माणसाने विचारलं, "रात्री इथली दारं उघडी असतात की बंद?" हातात फळी, फळीला लावलेला कागद, कानामागे पेन्सिल. २०२२चा ऑक्टोबर. आमच्या वरच्या मजल्याचं काम निम्म्याच्या पुढे सरकलं होतं. भिंतींना अजून रंग नव्हता, शीटरॉकच्या, म्हणजे भिंतीला ठोकायच्या जिप्समच्या फळ्यांच्या, सांध्यांवर लिंपलेल्या लगद्याचा ओल्या खडूसारखा वास सगळीकडे भरून होता आणि चालताना पायाखाली पांढरी भुकटी करकरत होती. तो माणूस तासभर मोजमापं घेत होता. खिडक्या किती, कोणत्या दिशेच्या, काच दुहेरी आहे का, उतरत्या छतात काय भरलंय, जिन्याला दार आहे का. मी तोंडी परीक्षेला उभी असल्यासारखी पटापट उत्तरं देत होते आणि त्याच ओघात याही प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं. "उघडी," म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीमागच्या दाराकडे. सुताराने तीनच दिवसांपूर्वी बसवलेलं ते दार घट्ट लावलेलं होतं. आत, रंग न दिलेल्या खोलीत, जमिनीवर टाकलेल्या गादीवर आमची सोळा वर्षांची लेक कानात बोंडं घालून पडली होती. काही न बोलता त्याने कागदावर काहीतरी लिहिलं.

काय लिहिलं, ते मला तिरक्या नजरेनेही वाचता आलं नाही.

त्याला आमच्या घरातल्या माणसांशी काही देणंघेणं नव्हतं. तो हवेबद्दल विचारत होता. दारं उघडी असतील तर एका ठिकाणची ऊब सगळ्या मजल्यावर फिरते, बंद असतील तर प्रत्येक खोलीची सोय वेगळी करावी लागते, एवढाच त्याचा मुद्दा. तरी त्या एका शब्दाने मला पुढचे कित्येक दिवस सोडलं नाही. कारण ते धडधडीत खोटं होतं. आमच्या घरात झाडून सगळी दारं बंद असतात. नवऱ्याच्या रात्रीच्या मीटिंगा बंगळुरूच्या सकाळी सुरू होतात म्हणून तो दार लावतो. तो झोपला की घोरतो म्हणून मी दार लावते. लेक दार का लावते, हे विचारायची सोय राहिलेली नाही. मग मी 'उघडी' कुणाच्या घराबद्दल म्हणाले?

बोस्टनच्या उत्तरेला मेडफर्डमध्ये आमचं हे बुटकं, उतरत्या छपराचं घर आहे. इथे अशा घराला 'केप' म्हणतात. खालचा मजला राहता आणि वर डोकं आपटेल असा पोटमाळा. दहा वर्षं त्या पोटमाळ्यावर आमच्या सुटकेसा, गणपतीचं मखर आणि लेकीचा पाळणा एवढंच राहत होतं. मखर दरवर्षी खाली यायचं, पाळणा नाही. वरचा मजला करायचा विचार बरीच वर्षं नुसताच होता, त्याला धक्का दिला तो २०१५च्या बर्फाने. त्या हिवाळ्यात बोस्टनला ११०.६ इंच बर्फ पडला, म्हणजे पावणेतीन मीटरच्या वर. खालची ऊब पोटमाळ्यातून छपराला लागायची, छपरावरच्या बर्फाचं पाणी व्हायचं आणि ते ओघळत वळचणीशी आलं की तिथल्या गारठ्यात पुन्हा गोठायचं. वळचणीला असा बर्फाचा बांध तयार झाला. मागून येणारं पाणी बांधाशी तुंबलं आणि कौलांच्या पापुद्र्याखालून उलटं चढून जेवणघराच्या छतातून थेंब थेंब गळू लागलं. आम्ही खाली पातेली लावून बसलो होतो. निफाडच्या आमच्या घरात पावसाळ्यात लावायचो तशीच. फरक इतकाच, की इथे गळत होती ती आम्ही पैसे मोजून तयार केलेली ऊब.

म्हणून या वेळी आधी छत भरून घेतलं. भरतात काय, तर वर्तमानपत्रांची रद्दी. दळून, टाकणखारासारख्या क्षाराने आग आणि किडीपासून जपलेली राखाडी रद्दी. बाहेर ट्रक उभा राहतो आणि जाड नळीतून ती भिंतीत, छतात ठासून भरली जाते. व्हिडिओवर आईला दाखवलं तर ती म्हणाली, "म्हंजे घराला गोधडीच शिवली की." याहून नेमकं वर्णन त्या कंपनीच्या पत्रकात नव्हतं.

आता प्रश्न ऊब द्यायची कशाने. पहिला आला तो वाफेवाला. आमच्या खालच्या मजल्यावर अजून बिडाचे जुने रेडिएटर आहेत. तळघरात तेलावर चालणारा बॉयलर, शेजारी २७५ गॅलनची टाकी. बॉयलर पेटला की वाफ नळीतून वर चढते, रेडिएटरच्या कडेची छोटी चंदेरी शिट्टी आधी फुसफुसते, मग सुस्कारा टाकते आणि मग खोलीला इस्त्रीचा वास येतो. पहिल्या हिवाळ्यात मध्यरात्री नळ्या ठणाठण वाजायला लागल्या तेव्हा आम्ही पोलिसांना बोलवायच्या बेतात होतो. वाफेवाला सत्तरीचा असेल. आल्या आल्या कुणाशी न बोलता प्रत्येक रेडिएटरवर त्याने हात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. त्यानेच मला समजावलं की आमच्याकडची वाफ 'एकनळी' आहे. ज्या नळीतून वाफ वर जाते त्याच नळीतून तिचं पाणी होऊन खाली परततं, म्हणून सगळ्या नळ्यांना उतार हवा. उतार चुकला की पाणी वाटेत साठतं, वाफ त्यावर आदळते आणि तोच तो ठणठणाट. वर रेडिएटर चढवता येईल, म्हणाला, पण स्वयंपाकघराची भिंत फोडावी लागेल. शिवाय थर्मोस्टॅट एकच, तो जेवणघरात. खाली गारठलं तरच वर वाफ जाणार. वरच्यांना थंडी वाजतेय की नाही, हे बॉयलरला कळायचा मार्गच नाही.

मला ही व्यवस्था ओळखीची वाटली. एकत्र कुटुंबात असंच असतं. थंडी आजीला वाजली की स्वेटर सगळ्यांनी घालायचा.

नवऱ्याने ती बात तिथेच संपवली. युक्रेनच्या युद्धामुळे त्या पानगळीत तेल पाच डॉलर गॅलनच्या वर गेलं होतं आणि टाकी भरायची म्हणजे हजाराच्या वर डॉलर बसल्या बैठकीला. तो दादरचा, चाळीतला. त्याला हिवाळा म्हणजे जानेवारीत चार दिवस पंखा एकवर ठेवणं. इथे येऊन पंचवीस वर्षं झाली, तरी थंडी त्याला अजून अन्याय वाटते. त्याचं मत सुरुवातीपासून हीट पंपाच्या बाजूचं. हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकतो, हिवाळ्यात बाहेरच्या गार हवेतून उष्णता ओढून आत आणतो. गार हवेत कसली उष्णता, असं मलाही वाटायचं. पण नळीतला वायू बाहेरच्या हवेहूनही गार केला की ती हवा त्याला ऊब देऊनच जाते, मग तोच वायू दाबला की तापतो. वीज ऊब तयार करण्यासाठी लागत नाही, वाहून आणण्यासाठी लागते. म्हणून एक युनिट विजेत हिवाळाभराच्या सरासरीने अडीच-तीन युनिटं ऊब पदरात पडते. साध्या विजेच्या हीटरमध्ये एकाला एक.

दारांचा प्रश्न विचारणारा तो हाच, हीट पंपवाला. आठवडाभराने त्याचा हिशेब आला. मोठ्या खोलीला आणि जिन्यावरच्या मोकळ्या जागेला मिळून ताशी ९,००० बीटीयूचं (बीटीयू हे इथलं उष्णतेचं माप), म्हणजे पाऊण टनाचं यंत्र. आई तेव्हा फोनवर होती. "टन? कशाचा गं टन?" तिच्या लेखी टन दोनच गोष्टींचा असतो, उसाचा नाहीतर कांद्याचा. मी शोधून काढलं. हा टन बर्फाचा. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, तो गारव्याचा एक टन, ताशी १२,००० बीटीयू. यंत्रं यायच्या आधी गारवा विकला जायचा तो बर्फाच्या लाद्यांवर, म्हणून मापही त्याचंच राहिलं. आणि तो बर्फ कुठला? इथलाच. आमच्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर केंब्रिजचं फ्रेश पाँड तळं आहे, मी तिथे फिरायला जाते. फ्रेडरिक ट्यूडर नावाचा बोस्टनचा व्यापारी इथल्या तळ्यांतून गोठलेल्या लाद्या कापून जहाजांनी परदेशी धाडायचा. १८३३ मध्ये त्याचं 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांनी पोचलं तेव्हा त्यातला साधारण १०० टन शाबूत होता. लवकरच हा बर्फ मुंबईतही उतरू लागला. हे ऐकवल्यावर दादरकर एकदम खूश. म्हणाला, "बघ, आमच्याकडे गारवा इथूनच जायचा. आता ऊब घेतो तर बिघडलं कुठे." आई म्हणाली, "जावईबापू, ऐंशी टन वाटेत पाणी झालं, त्याचे पैसे कोणी भरले?" द्राक्षवाल्यांच्या घरातली बाई आहे. माल वाटेत खराब होणं तिला कळतं.

खरी गंमत पुढच्या ओळीत होती. लेकीच्या छोट्या खोलीला कडाक्याच्या रात्री, म्हणजे बाहेर उणे अकराच्या आसपास धरून, ताशी २,५०० बीटीयू लागतील असं त्याने काढलं होतं. आणि भिंतीवरचं सगळ्यात छोटं यंत्र मिळतं ते ६,०००चं. एवढ्याशा खोलीत ते लावलं तर चालू-बंद, चालू-बंद करत बसणार, वीजही खाणार आणि झोपही. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या मुलीच्या खोलीला इतकी कमी ऊब लागते की तेवढं छोटं यंत्र आमच्याकडे नाही." मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र उगीच कॅल्क्युलेटर घेऊन बसले. २,५०० बीटीयू म्हणजे ७३३ वॅट. झोपलेला माणूस स्वतः साधारण ७० वॅट ऊब टाकतो, हे कुठेतरी वाचलेलं होतं. म्हणजे त्या खोलीत दहा-अकरा माणसं झोपली तर हीटरची गरजच नाही.

अकरा. मी आकड्याकडे बघत राहिले आणि निफाडच्या माजघरातली अंथरुणं मोजायला लागले.

दाराजवळ आजी. तिच्या पायाशी आम्ही तीन भावंडं आडवी. मग आई. मग थोरल्या काकूची दोन, धाकट्या काकूचं एक आणि दोघी काकू. भिंतीकडे, धान्याच्या पोत्यांना पाठ लावून, लग्न व्हायची असलेली आत्या. अकरा. पुरुषमाणसं ओसरीवर नाहीतर मळ्यात. गुणिले सत्तर, ७७० वॅट. पोरांची ऊब थोडी कमी धरली तरी आजीच्या गोधड्या जमेला होत्याच. निफाडची थंडी महाराष्ट्राला दर हिवाळ्यात बातम्यांतून कळते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा चारावर आला, तीनावर आला की वाहिन्यांना गाव सापडतं. आम्हाला ती कळायची काकांच्या उठण्यावरून. पहाटे तीनला ते कानटोपी बांधून, घोंगडी पांघरून बागेत जायचे. गारठ्याने द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून ओळींच्या मध्ये शेकोट्या पेटवायच्या, ठिबकचं पाणी सोडायचं. सकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला धुराचा वास आणि भुवयांवर राख. वर्षाची कमाई ते रात्रभर शेकत बसलेले असायचे. आणि आमच्यासाठी अंगणातला तांब्याचा बंब. त्यात ऑक्टोबर छाटणीच्या वाळलेल्या काड्या आणि मक्याची बुरकुंडं. आंघोळीला नंबर लागायच्या आधी सगळी पोरं बंबाभोवती उकिडवी, पुढून भाजतोय आणि पाठीला काकडा, मग वळायचं. पोळीसारखं दोन्ही बाजूंनी. ऊब घरात एका जागी असायची आणि माणसं तिच्यापाशी जायची. इथे ऊब माणसाच्या मागे मागे खोलीत येते आणि मग माणसाला बाहेर पडायचं कारण उरत नाही.

हे लिहिताना माझं मलाच पटेनासं झालं. कारण त्या माजघरात मी सुखी होते, असं नाही. बारा-तेरा वर्षांची होते तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती, कडी असलेलं दार. अकरा जणांत रडायला जागा नसते. पुस्तक वाचायला मी पोत्यांच्या मागे जाऊन बसायचे, तिथून आत्या हाकलायची, कारण तिलाही तीच जागा हवी असायची. कोण कुशीवर वळलं, कोण खोकलं, कुणाला स्वप्न पडलं, सगळ्यांचं सगळ्यांना ठाऊक. आत्याला बघायला आलेल्यांनी नकार कळवला त्या रात्री ती गोधडी तोंडात कोंबून रडत होती आणि दहा जण झोपेचं सोंग घेऊन पडले होते. अठराव्या वर्षी पुण्याला हॉस्टेलची खोली मिळाली. पहिल्या रात्री मी दार लावलं, कडी घातली, काढली, पुन्हा घातली. कडीचा तो आवाज मला अजून आठवतो. त्या रात्री ऊब-बीब काही आठवली नव्हती. मग लेकीने सुतार जाताक्षणी दार लावून घेतलं, तर मला एवढं लागायचं काय कारण होतं?

आमच्या घरात दार लावून घ्यायचा मान फक्त बाळंतिणीला. धाकटी काकू दुसऱ्या खेपेला बाळंतीण होती तेव्हाची गोष्ट. डिसेंबर होता. मागच्या अंधाऱ्या खोलीत तिची बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा-शेपेची धुरी. त्या वासाने मला अजूनही एकदम सुरक्षित वाटतं आणि एकदम मळमळतं. गार वारा लागू नये म्हणून दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. पहाटे आजी दूध घेऊन गेली तर काकू हाकेला ओ देईना. चेहरा लालबुंद, बाळ मलूल. आजीने आरडाओरडा करत दोघांना अंगणात आणलं. थंड हवेत बाळ रडलं, मग काकूने डोळे उघडले. घरात सगळे म्हणाले दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरल्या. कोंडलेल्या निखाऱ्यांतून निघणारा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, हा शब्द आमच्यापैकी कुणी ऐकलेला नव्हता. पण आजीला काहीतरी उमगलं असावं, कारण त्यानंतर त्या घरात शेगडी असताना दार पुरतं लावायला तिने कुणाला कधी दिलं नाही. "चार बोटं फट असू द्या," म्हणायची. मेडफर्डच्या घरात प्रत्येक मजल्यावर या वायूचा अलार्म लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे. पांढरी गोल डबी, मधे हिरवा दिवा. वर ती बसवताना मला काकूचा चेहरा आठवला. चार बोटांच्या फटीला इथे बॅटरी लागते.

शेवटी ठरलं ते असं. मोठ्या खोलीच्या भिंतीवर पाऊण टनी हीट पंप, त्याचा झोत जिन्यावरच्या मोकळ्या जागेकडे. लेकीच्या खोलीत खिडकीखाली विजेचा बेसबोर्ड, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी बसणारा लांबट हीटर, तीन फुटी, ७५० वॅटचा. बसवायला स्वस्त, चालवायला महाग. तिचं दार उघडं असेल तर मोठ्या खोलीची स्वस्त ऊब तिच्याकडे जाईल आणि बेसबोर्ड गप्प राहील. दार बंद असेल तर तो पेटेल आणि विजेचं मीटर पळेल. म्हणजे दर महिन्याला बिलात कळणार, दार किती तास लागलेलं होतं. नवरा म्हणाला, ही व्यवस्था उत्तम आहे. मला ती घरात हेर नेमल्यासारखी वाटली. सही करायच्या आधी अंदाजपत्रकाची पानं उलटली. तिसऱ्या पानावर, खोलीवार हिशेबाच्या तक्त्यात, छोट्या खोलीसमोर बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'दार बंद धरून.'

त्याने माझ्या उत्तराला जराही भाव दिला नव्हता. चांगला कारागीर.

यंत्र डिसेंबरात बसलं. बाहेरचं धूड बर्फात गाडलं जाऊ नये म्हणून घराच्या मागे लोखंडी घोड्यावर उंच ठेवलंय. आई नोव्हेंबरच्या मध्यालाच आली होती. एरवी ती उन्हाळ्यात येते आणि पानं लाल झाली की परत जाते, हा तिचा इथला पहिला हिवाळा. गुडघ्यांमुळे ती खालीच, रेडिएटरजवळच्या खोलीत, आणि तिने पहिल्याच आठवड्यात रेडिएटर कामाला लावला. त्यावर पापड, त्यावर धुतलेले मोजे, त्यावर विरजणाचं पातेलं. त्याचा फुस्स आवाज झाला की ती "आला का बाबा" म्हणते. वरच्या पांढऱ्या डब्याबद्दल तिचं मत वाईट. "नुसता श्वास टाकतो. शेकायचं कशावर?" आणि हे मात्र खरं आहे. हीट पंपाची ऊब सगळीकडे असते आणि कुठेच नसते. हात धरायला काही नाही. पण एका सकाळी तिने मला खिडकीशी ओढून नेलं. मागे, बर्फात, बाहेरच्या यंत्रातून पांढरीशुभ्र वाफ उसळत होती. त्याच्या जाळीवर साठलेलं हिव वितळवायला ते अधूनमधून थोडा वेळ उलटं चालतं, त्याची ती वाफ. आई कौतुकाने बघत राहिली. "अगं, बंब पेटलाय," म्हणाली. तेव्हापासून त्याचं नाव बंब.

मग आली तीन फेब्रुवारीची रात्र. दोन दिवस आधीपासून फोनवर इशारे येत होते. रात्री वारा असा सुटला की छपराच्या वाशांतून कुरकुर ऐकू येत होती. चार तारखेच्या सकाळपर्यंत बोस्टनचा पारा उणे २३ अंशांवर उतरला. १९५७ नंतर इतका कधी उतरला नव्हता. असल्या रात्रीचा हिशेब हीट पंपवाल्याच्या कागदावर नव्हता. ७५० वॅटचा तो बेसबोर्ड उणे अकराला पुरे होता, पुढचे बारा अंश त्याच्या आवाक्याबाहेरचे. एरवी त्याचा पत्रा तापताना आणि निवताना टिकटिक वाजतो, लेकीच्या खोलीवरून जाताना मी ती ऐकत असते. त्या रात्री टिकटिक बंद होती, कारण तो विझायलाच तयार नव्हता. दहा वाजता मी दारावर टकटक करून विचारलं, जाड पांघरूण देऊ का? आतून "आय ॲम फाईन, आई," आलं. मी खाली येऊन पडले. खाली बॉयलर गुरगुरत होता, रेडिएटर ओळीने सुस्कारत होते.

एकच्या सुमारास जाग आली ती वाऱ्याने. वर गेले. जिन्यावरच्या अंधारात हीट पंपाचा कोमट झोत माझ्या मानेवर आला. लेकीचं दार उघडं होतं. पुरतं नाही. खाली तिच्या एका बुटाची अडवण लावलेली, जेमतेम चार बोटांची फट. आत ती हूडी डोक्यावर ओढून, मुटकुळं करून झोपली होती आणि माझ्याजवळून जाणारी ऊब त्या फटीतून आत शिरत होती. आजीला हिने पाहिलेलं नाही. काकूची गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नाही. तिला गार वाटलं, तिने दार किलकिलं केलं, एवढंच झालं होतं. मी आत गेले नाही. बूट हलू नये म्हणून दाराला हातही लावला नाही.

उतरताना तिसरी पायरी करकरली. खालच्या खोलीतून आईचा आवाज आला, झोपेतला, निफाडच्या माजघरात रोज रात्री आजीचा यायचा तसाच. "कडी लावली का गं?"

"लावली."

पाच तारखेला पारा शून्याच्या चांगला वर चढला. वळचणीवरून पाणी गळत होतं, या वेळी बाहेरच्या बाजूला. संध्याकाळी धुतलेले कपडे ठेवायला वर गेले तर बूट रॅकवर होता आणि दार लागलेलं होतं. आतून टिकटिक ऐकू येत होती.